उघडी टिंबं

त्याचं खरं नाव मतदारयादीत कुठंतरी असेल. आमच्या रांगेत त्याला सगळे टिंबराव म्हणायचे आणि तोही त्या नावाला मुकाट ओ द्यायचा. रांग म्हणजे सरकारी कचेरीसमोरच्या इमारतीच्या पडवीत ओळीनं मांडलेली टायपिंगची टेबलं. एका टोकाला झेरॉक्सचं मशीन, दुसऱ्या टोकाला जिना. त्या जिन्याखालच्या तिरप्या जागेत टिंबरावाचं टेबल. ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला आपटायचं, म्हणून तो खुर्चीसकटच मागंपुढं सरकायचा. तरी दिवसातनं एकदा आपटायचंच. वीस वर्षांत त्या पायरीनं त्याच्या कपाळाच्या वर एक गुळगुळीत टेंगूळ वळून ठेवलं होतं, जोंधळ्याच्या कणसाएवढं नसेल पण बोराएवढं खास.

अंगानं वाळल्या शेंगेसारखा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कळफलकावरची अक्षरं बोटांनी खाऊन टाकलेली, नुसती काळी भुई राहिलेली. फक्त 'ञ' तेवढा नवाकोरा. कुणी विचारलं, "दिसत नाही तर टाइप कसं करतोस?" तर म्हणायचा, "जेवताना तोंड दिसतं का तुला?"

आईबाप लहानपणीच गेले. थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं. ती सतराव्या वर्षी सरकारी दवाखान्यात वॉर्डातल्या कामाला लागली, आणि हा शाळेत दोनदा आपटला तेव्हा कानाला धरून त्याला टायपिंगच्या क्लासात नेऊन बसवलं. "हात चालले तर पोट चालेल," एवढंच तिचं म्हणणं. क्लासातल्या मास्तरीणबाईंनी अर्ध्या गावाला टायपिंग शिकवलेलं. आमच्या रांगेतली झाडून सगळी टाळकी त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्या काळची मशीनं लोखंडी. पूर्णविरामाची कळ जोरात बसली की कागदाला भोक पडायचं, आणि हलकी बसली की टिंब शेवटच्या अक्षराच्या कान्याला चिकटून दिसेनासं व्हायचं. कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर तर वाक्य कुठं संपलं ते देवालाच ठाऊक. म्हणून बाईंनी एक रीत घालून दिली. शब्द संपला की अंगठ्यानं एक मोकळी जागा, मग टिंब. पट्टी हातात घेऊन त्या ओळींमधनं फिरायच्या आणि म्हणायच्या, "शब्दाला श्वास घेऊ दे, मग टिंब!" ज्याचा अंगठा विसरला त्याच्या अंगठ्यावर पट्टी.

ती रीत रांगेत सगळ्यांच्या हाडात उतरली. पुढं लोखंडी मशीनं भंगारात गेली, संगणक आले, टिंब अक्षराला चिकटायचं भय उरलं नाही. अंगठे मात्र तसेच. शब्द, मोकळी जागा, टिंब. बाहेरचा कुणी टायपिस्ट आमच्याकडचा कागद बघून हसायचा, "तुमच्या वाक्याच्या शेवटी माशी बसलीय का रे?"

माशी बसून राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण मग शब्दांच्या मर्यादा आल्या. गाऱ्हाणं इतक्या शब्दांत, निबंध इतक्या शब्दांत, प्रबंध इतक्या शब्दांत. टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये खाली कोपऱ्यात आकडा दिसतो तो बघायचा. आता यंत्राला काही भाषा कळत नाही, मोकळी जागा कळते. दोन मोकळ्या जागांच्या मधे जे काही असेल तो त्याच्या लेखी शब्द. म्हणजे आमच्या रांगेतलं प्रत्येक टिंब, अलीकडं पलीकडं जागा सोडून एकटंच उभं असलेलं, यंत्रानं शब्द म्हणून मोजलं. शंभर वाक्यांच्या अर्जात शंभर शब्द फुकटचे.

हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, टिंबरावाच्या आलं. माशांच्या पैदाशीवर प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन त्याच्या टेबलाशी बसली होती. मर्यादेपेक्षा तेवीसशे शब्द जास्त म्हणून तिचा प्रबंध परत आला होता, आणि तिला आता कुठला मासा कापावा ते कळत नव्हतं. टिंबराव पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग पेन्सिलीनं एका पानावरचे शब्द हातानं मोजले. यंत्राचा आकडा वेगळा, हाताचा वेगळा. म्हणाला, "बाई, मासे राहू द्या. ही सगळी उघडी टिंबं आहेत."

तेव्हापासून त्याला नाद लागला. कव्हर गेलेलं, कोपरे कुरतडलेलं एक जाड पुस्तक त्यानं कुठूनतरी पैदा केलं आणि त्यातनं मॅक्रो शिकला. मॅक्रो म्हणजे काय, तर आपण हातानं करतो त्या सगळ्या पायऱ्या यंत्राला एकदा पाठ करून द्यायच्या. पुढं एक कळ दाबली की ते त्या सगळ्या पायऱ्या बिनचूक चढून जातं. बैलाला वाट पडली की गाडीवान झोपला तरी गाडी घरी येते, तसलंच. टिंबरावानं पहिला मॅक्रो केला तो उघडी टिंबं शोधून पुसून टाकणारा. मोजणी अचूक आली. गडी खूश. पण पुसलेला मजकूर तसाच छापला गेला, आणि एका जमिनीच्या दाव्याची सात पानं एकाही पूर्णविरामाशिवाय साहेबापुढं गेली. साहेब म्हणे चौथ्या पानावर धाप लागून थांबले.

त्या दिवशी रांगेनं त्याची इतकी टर उडवली की त्यानं एक नेम केला: मूळ मजकुराला हात लावायचा नाही. नवा मॅक्रो आधी मजकुराची नक्कल काढायचा, त्या नकलेतनं उघडी टिंबं, एकटे डॅश, पानांचे आकडे, यादीतले कंस सगळं काढायचा, उरलेले शब्द मोजून चौकोनात आकडा दाखवायचा आणि नक्कल फेकून द्यायचा. मूळ मजकूर होता तसा, टिंबांसकट. या मॅक्रोचं नाव त्यानं 'चाळण' ठेवलं. एक रबरी शिक्का करून घेतला: 'खरे शब्द'. चाळणीतनं निघालेला आकडा एका चिठ्ठीवर लिहायचा, त्यावर शिक्का मारायचा आणि अर्जाला टाचून द्यायचा. माशांच्या प्रबंधाला ती चिठ्ठी लावली, विद्यापीठातल्या माणसानं वाचली, प्रबंध घेतला. मग काय, कुठून कुठून लोक नुसती मोजणी करायला यायला लागले. टायपिंग दुसऱ्याकडं, मोजायला टिंबरावाकडं.

झेरॉक्सवाला त्याचा एकुलता दोस्त, फाटक्या तोंडाचा. तो ओरडायचा, "टिंबराव, माझ्या बायकोचं बोलणं चाळून दे रे एकदा. खरे शब्द किती निघतात बघू."

"त्यातनं टिंबच निघायचं नाही," टिंबराव मान वर न करता म्हणायचा. "ती थांबते कुठं?"

त्याच्या आयुष्यात बरे म्हणावे असे दिवस ते एवढेच.

थोरली त्याच दवाखान्यात बावीस वर्षं होती. दवाखान्याच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या खोल्या आहेत, त्यातल्या एकीत राहायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "तीस खाटांचा संसार आहे माझा, अजून किती करू?" हात मोठे, आवाज मोठा, पेशंटला उचलून कुशीवर वळवायची ते पोत्यासारखं नाही, तान्ह्या बाळासारखं.

एके दिवशी भर दुपारी बाराच्या सुमाराला तिच्या वॉर्डातला एक म्हातारा खाटेवरून पडला. कंबर मोडली. दोन आठवड्यांनी गेला. तो पडला तेव्हा थोरली वॉर्डात नव्हती. मोठ्या नर्सबाईंनी तिला स्टोअरमधून ऑक्सिजनच्या खोलीची किल्ली आणायला पाठवलं होतं. चौकशीत नर्सबाई म्हणाल्या, "मी पाठवलं नाही. ती आपल्या मनानं गेली." झालं. हुकूम निघाला. कामावरून कमी. महिन्याच्या आत खोली सोडा. आणि हुकुमात तिच्या नावापुढं एक शब्द: निष्काळजी.

हुकूम घेऊन ती जिन्याखाली आली, स्टुलावर बसली. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असायची. तरी ती बसली की स्टूल डुगडुगायचं. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"धाकट्या, काम गेलं ते गेलं. खोली घेतील ती घेऊ देत. हा एक शब्द काढता येतो का बघ."

"अपील करता येतं, ताई."

"मग कर. मला दुसरं काही नको. मरताना हा शब्द अंगावर नको."

अपील एकदाच करता येत होतं. तेही कागदावर नाही; कचेरीच्या संकेतस्थळावर एक चौकोन होता, त्यात मजकूर टाकायचा, पंधराशे शब्दांच्या आत. मुदत वीस दिवस.

थोरली बोलायला लागली आणि टिंबराव टाइप करायला. तीन दिवस ते चाललं. ती दवाखान्याच्या पायरीपासून सुरू करायची. त्या दिवशी सकाळी कोण आलं, कोण नाही आलं, कुणाची सलाईन संपली, खिडकीची कडी कशी तुटलेली.

"ताई, कडीचं कशाला?"

"तुटलेलीच होती ना पण."

"असू दे. साहेबाला कडीशी काय करायचंय?"

"तू होतास का तिथं? मी होते. कडी तुटलेली होती."

झेरॉक्सवाला तिकडून म्हणाला, "ताई, पहिल्याच ओळीत मागून टाका की! शब्द काढा म्हणावं. मग सांगत बसा कडी नि खिडकी."

थोरलीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो मशीनमध्ये कागद भरायला लागला. "दारात पाय ठेवल्या ठेवल्या मागतात होय रे? आधी सांगावं काय झालं ते. ऐकून घेतलं त्यांनी, की मग मागावं. मागणं शेवटी."

टिंबरावालाही ते पटलं. बहीणभावांची शिकवण एकाच चुलीवरची.

पहिला मजकूर बावीसशे शब्दांवर गेला. मग छाटणी. कडी गेली, सलाईन गेली, हजर-गैरहजर गेले. स्टोअरच्या वहीत किल्ली घेतल्याची तिची सही होती, वेळेसकट, ते राहिलं. नर्सबाई काय बोलल्या ते राहिलं. छाटत छाटत टिंबराव एका जागी आला आणि चार वाक्यांवर त्यानं रेघ ओढली. थोरलीला वाचता येत होतं, सावकाश, ओठ हलवत. तिनं वाचलं.

'त्यांनी मला पोरी अशी हाक मारली . पाणी मागितलं . मी पेला भरून उशाशी ठेवला, मगच किल्ली आणायला गेले . परत आले तेव्हा ते खाली पडलेले होते, पेला मात्र तसाच भरलेला होता .'

"हे का काढतोयस?"

"यानं काय फरक पडतो, ताई? पाणी दिलं नि दिलं नाही, पडण्याचा नि त्याचा संबंध नाही."

"मला पडतो फरक."

"जागा नाही."

ती भांडली असती तर टिंबरावाला सोपं गेलं असतं. ती नुसती आपले हात मांडीवर उलटे ठेवून बसली.

शेवटी मजकूर आटोक्यात आला असं वाटल्यावर टिंबरावानं चाळण लावली. चौकोनात आकडा आला: चौदाशे पासष्ट. त्यानं पुन्हा लावली. चौदाशे पासष्ट. त्याचा चेहरा असा फुलला की आम्हाला ओळखू येईना.

"ताई, पस्तीस शब्दांची जागा निघाली. तुझं पाणी बसतं."

चारही वाक्यं त्यानं परत घातली. एकोणतीस शब्द. एकूण चौदाशे चौऱ्याण्णव. वर सहा शिल्लक. थोरली पहिल्यांदा हसली. "सहात काय येईल? कडी येईल का?"

"कडी सोड आता!"

झेरॉक्सवाला खांद्यावरून डोकावला. "अरे पण खाली कोपऱ्यात तर सोळाशे एक्केचाळीस दाखवतंय."

"तो अडाणी आकडा," टिंबराव म्हणाला. "टिंबांसकटचा."

"पण कचेरीतलं यंत्र कुठला मोजेल?"

टिंबरावाला हा प्रश्न बोचला असणार, कारण तो उठला. डोकं पायरीला आपटलं. कपाळ चोळत रस्ता ओलांडून कचेरीत गेला. चौकशीच्या खिडकीत एक बाई बसायची, गळ्यात चष्मा, पुढ्यात चहाचा कप. त्यानं विचारलं, "बाई, अपिलाचे पंधराशे शब्द म्हणजे कुठले शब्द धरायचे?"

बाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की जणू याला उन्ह लागलंय. "शब्द म्हणजे शब्द. त्यात कुठले काय?"

"म्हणजे टिंबं, डॅश, ते नाही ना धरत?"

"अहो, टिंब म्हणजे शब्द असतो का? शाळेत गेला नव्हता?"

टिंबराव छाती काढून परत आला. "बघ. कचेरीतल्या माणसालाही कळतं. टिंब म्हणजे शब्द नाही."

मुदत संपायला दोन दिवस होते. थोरली चांगलं लुगडं नेसून आली होती, जसं काही साहेब त्या पडद्यातून बघणारच होते. टिंबरावानं मूळ मजकूर उचलला, जसा होता तसा, हात न लावता, आणि संकेतस्थळावरच्या चौकोनात टाकला. चौकोन लहान, एका वेळी सहा ओळी दिसतील एवढा. मजकूर आत गेला आणि वरच्या सहा ओळी दिसल्या.

"सगळं गेलं का रे आत?" थोरलीनं विचारलं.

"गेलं."

"खाली सरकवून बघ की एकदा."

"मोजलेलं आहे, ताई," टिंबराव म्हणाला. हे सांगताना त्याच्या आवाजात जरा ताठा होता, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर आलं: आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे. खाली एक लांबलचक नंबर. थोरलीनं तो नंबर चिठ्ठीवर उतरून घेतला आणि चिठ्ठी ब्लाऊजमध्ये ठेवली. झेरॉक्सवाल्यानं सगळ्यांना चहा पाजला.

अपील चालू असेपर्यंत खोली सोडावी लागली नाही. अडीच महिने ती रोज त्या आवारात राहिली आणि रोज वॉर्डासमोरून पाणी भरायला गेली. आत जाता येत नव्हतं. कधी एखादा पेशंट खिडकीतून हाक मारायचा, ती हात हलवायची आणि भरलेली घागर घेऊन परत यायची.

मग पाकीट आलं. ती ते न फोडता जिन्याखाली घेऊन आली.

"तू वाच. माझ्याच्यानं फोडवत नाही."

टिंबरावानं फोडलं. निकाल चार ओळींचा. 'अपिलार्थीने घटनेचा तपशील दिला आहे. तथापि अपिलात कोणतीही विनंती नमूद केलेली नाही. सबब निर्णय देण्याजोगे काही नसल्याने अपील निकाली काढण्यात येत आहे. या निर्णयाविरुद्ध फेरअपील नाही.' मागं अपिलाची प्रत जोडलेली.

"म्हणजे काय?" थोरली म्हणाली. "मागितलं नाही म्हणतात? मी मागितलं की! शब्द काढा म्हटलं, खोली राहू द्या म्हटलं, ती वही मागवून बघा म्हटलं. तूच लिहिलंस."

टिंबराव जोडलेल्या प्रतीचं शेवटचं पान बघत होता. शेवटची ओळ अशी होती:

'म्हणून माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे की'

पुढं पांढरं. नाव नाही, सही नाही, टिंबसुद्धा नाही.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि पहिल्या पानापासून मोजायला लागला. शब्दावर तिरकी रेघ, उघड्या टिंबाला गोल. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, परत गेलं. थोरली डुगडुगत्या स्टुलावर बसून त्याची पेन्सिल बघत होती. 'की' वर पेन्सिल टेकली तेव्हा बरोबर पंधराशे झाले होते. टिंबांसकट. यंत्रानं न रागावता, न विचारता, आपल्याला येतं तसं मोजलं होतं आणि पंधराशेव्याला झाकण लावलं होतं. पाचही पानं गोलांनी भरली होती, गाईच्या अंगावर गोचिड्या भराव्यात तशी.

तो रस्ता ओलांडून पुन्हा त्या खिडकीशी गेला. थोरली मागोमाग. खिडकीत त्याच बाई.

"बाई, आमचं अपील अर्धं कापलं गेलंय."

बाईंनी नंबर टाकून बघितलं. "कापलं नाही. तुम्ही सोळाशे एक्केचाळीस टाकलेत. पेटी पंधराशेची आहे. वरचे घेत नाही ती."

"पण ते शब्द नव्हते हो. टिंबं होती. तुम्हीच म्हणालात, टिंब म्हणजे शब्द नाही."

"नाहीच आहे."

"मग?"

"मग शब्दांच्या पेटीत एवढी सुटी टिंबं कशाला टाकलीत?"

बाईंचा सूर काही वाईट नव्हता. त्यांनी दोनदा आत जाऊन कुणालातरी विचारलंही. परत येऊन म्हणाल्या, "एकदाच असतं हो अपील. मी तरी काय करू?" मागची रांग पुढं सरकली. थोरली म्हणाली, "चल, धाकट्या. त्यांना काम करू दे."

पंधरा दिवसांत खोली रिकामी करावी लागली. एक ट्रंक, एक गादी, पाण्याची घागर, एवढाच पसारा. झेरॉक्सवाल्यानं हातगाडी आणली. ती टिंबरावाच्या एका खोलीत राहायला आली; मधे दोरीवर चादर टाकून दोन भाग केले. तिनं दोन खासगी दवाखान्यांत काम विचारलं. हात बघून दोघांनीही हो म्हटलं, मग आधीच्या नोकरीचा कागद मागितला. हुकूम वाचला आणि नंतर कळवतो म्हणाले. तिसरीकडं ती गेलीच नाही.

टिंबरावानं 'खरे शब्द'चा शिक्का खणात टाकला. मोजणीला कुणी आलं तर खालच्या कोपऱ्यातला आकडा बोटानं दाखवायचा. "हा धरा."

"पण तुमची ती चाळण?"

"बिघडलीय."

बिघडलेली नव्हती. रांगेत आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. टिंबं चिकटवून टाइप करायचं असं त्यानं ठरवलं, तेही जमलं नाही. दहा-बारा वाक्यं सांभाळून करायचा, मग डोकं जरा दुसरीकडं गेलं की अंगठा आपला मोकळ्या जागेवर. एकदा झेरॉक्सवाल्यानं बघितलं, तो उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळत बसला होता. नेहमी टर उडवणाऱ्या झेरॉक्सवाल्यानं त्या दिवशी पट्टीचं टोक कापायला कात्री पुढं केली. चिकटपट्टी संध्याकाळपर्यंत गळून पडली.

गोल काढलेली ती प्रत टिंबरावानं टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. रिकामा वेळ मिळाला की तो ती मोजायचा. पाण्याची चार वाक्यं. शब्द एकोणतीस, टिंबं चार. यंत्राच्या हिशोबानं तेहेतीस. आणि जे कापलं गेलं त्यातलं पहिलं वाक्य, 'की'च्या पुढचं: 'माझ्या नावापुढचा निष्काळजी हा शब्द काढून टाकावा .' शब्द सात, टिंब एक. आठ. म्हणजे पाण्याची ती चार वाक्यं नसती, तर हे आठ आत गेले असते. पुढचं खोलीचं नि वहीचं मागणं बसलं असतं-नसतं, पण तेवढं मागणं आत गेलं असतं. तो पुन्हा मोजायचा. तेहेतीस आणि आठ. दर वेळी तेच.

एका दुपारी थोरली त्याचा डबा घेऊन आली, स्टुलावर बसली. काचेखालच्या प्रतीकडं तिचं लक्ष गेलं. बोट लावत लावत ती पाण्याच्या ओळींपाशी आली.

"धाकट्या, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"हे पाण्याचं मी हट्टानं धरलं. हे काढलं असतं तर ते शब्दाचं मागणं बसलं असतं का रे?"

टिंबरावानं डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. झेरॉक्सचं मशीन थांबलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तरी बसलं नसतं."

"मोजलंयस?"

"मोजलंय."

"मग बरं झालं राहिलं ते," थोरली म्हणाली. "निदान पाणी दिलं होतं एवढं तरी वाचलं त्यांनी."

ती उठली, स्टुलाखालची सरकलेली पुठ्ठ्याची घडी पायानं नीट केली आणि गेली. टिंबराव जेवला नाही. गिऱ्हाईक आलं तसा त्यानं डबा बाजूला सारला आणि टाइप करायला घेतलं. पहिलं वाक्य संपलं. अंगठा खाली गेला, मोकळी जागा पडली, मग टिंब.